खोडी उलटते ते पान

‘लांडगा आला रे आला’ ही गोष्ट अकोले तालुक्यात सांगितली, की मुलांच्या डोळ्यांपुढे लांडगा येतच नाही. येतो तो बिबट्या. प्रवरेच्या काठाने ऊस वाढला तसा तो उसात राहू लागला, त्याची पिल्लंही तिथेच होतात. डॉ. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी याच भागात ट्रॅप कॅमेरे लावून अभ्यास केला. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या त्या संशोधनात दर 100 चौरस किलोमीटरमागे सुमारे 5 प्रौढ बिबटे आढळले, तेही शेतीवाडीच्या, माणसांच्या मुलखात.

मी या भागातल्या प्राथमिक शाळेत शिकवते. चौथीतल्या एका मुलाने संध्याकाळी उसाच्या कडेला दडून गुरगुर केली आणि “वाघ आला!” म्हणत धूम ठोकली. खुरपणाऱ्या बाया हातातलं टाकून पळाल्या. एक आजी बांधावर पडल्या, गुडघा फुटला. गावभर फोन गेले.

जुन्या गोष्टीतल्या मुलावर शेवटी कोणी विश्वास ठेवत नाही. याच्यावर साऱ्या गावाने ठेवला आणि खोडी तिथेच उलटली. दुसऱ्या दिवसापासून दिवेलागणीच्या आत सगळी पोरं घरात. क्रिकेट बंद. आया काठ्या घेऊन शाळेच्या दारात. हा बिचारा सांगत फिरे, “खोटं होतं गं आई ते!” आईला वाटे, खेळायला सोडावं म्हणून पोरगं आता खोटं बोलतंय.

या प्रसंगाचं आम्ही वर्गात चित्रपुस्तक केलं. नाव, गाव बदललं. त्या मुलाला आणि त्याच्या आईला आधी विचारलं. हे जरूर करा. लहान गावात चिडवायचं नाव एकदा चिकटलं की सुटत नाही.

चित्रपुस्तकातली गंमत शब्द आणि चित्र यांच्या भांडणात असते. मजकूर म्हणतो, ‘वाघ आला’. चित्रात उसातून दोन चपला डोकावतात. म्हणून वाचून दाखवताना घाई करू नका. चित्र मुलांना आधी बघू द्या, मग पान उलटा.

पळणाऱ्या बाया मुलांनी पहिल्यांदा फार हास्यास्पद काढल्या होत्या. मी एवढंच विचारलं, “हिच्या हातात काय होतं? ते कुठे पडलं?” मग चित्रात खुरपं आलं, सांडलेली भाकरी आली, आजींचा गुडघा आला. हसू तरीही आलं, पण खिडकीच्या गजाआड बॅट घेऊन बसलेल्या त्या मुलाच्या पानावर. हसण्याची जागा हीच हवी. तात्पर्य विचारून ती घालवू नका. शेवटी मार खाल्ल्याचं चित्रही घालू नका. त्यातून मूल पकडलं न जाण्याची युक्ती तेवढी शोधतं.

आणखी एक. आपल्या भागात असं पुस्तक केलंत, तर शेवटच्या पानावर मुलांच्याच अक्षरात लिहून घ्या: बिबट्या खरंच दिसला तर त्याच्या मागे लागू नका, गर्दी करू नका, मोठ्यांना सांगा आणि वनविभागाच्या 1926 या टोल फ्री क्रमांकावर फोन करायला लावा.