रुग्णालयांची स्पर्धा : लाभ कोणाचा?

विक्रेते वाढले की भाव उतरतो आणि माल सुधारतो, हा अर्थशास्त्राचा पहिला पाठ. आमच्या सौंसर-पांढुर्णा भागात, म्हणजे मध्य प्रदेशातील मराठी बोलणाऱ्या संत्र्यांच्या मुलखात, तो मी बाजारात रोज पाहिला आहे. गिऱ्हाईक फळ हातात घेते, वास घेते आणि न पटल्यास पुढच्या ढिगाकडे वळते. मग रुग्णालये वाढली की उपचार स्वस्त का होत नाहीत?

केनेथ ॲरो या अर्थशास्त्रज्ञाने १९६३ साली याचे कारण मांडले. आजार सांगून येत नाही, आणि काय विकत घ्यावे हे विकणाराच सांगतो. आमच्याकडे दुखणे बळावले की नागपूर गाठावे लागते. रात्री छातीत कळ आलेला माणूस चार ठिकाणचे दर विचारीत बसत नाही. दुसरा नेईल तेथे जातो. साहजिकच रुग्णालयांची चढाओढ रुग्णासाठी न राहता रुग्ण पाठविणाऱ्यासाठी सुरू होते. यालाच 'कट प्रॅक्टिस' म्हणतात. तिला आळा घालण्यासाठी महाराष्ट्रात २०१७ साली कायद्याचा मसुदाही तयार झाला होता. पाठविणाऱ्याचा वाटा अखेर बिलातच चढतो. शिवाय शेजारच्याने यंत्र आणले म्हणून आपणही आणायचे, आणि त्याचे पैसे वसूल करण्यासाठी तपासण्या वाढवायच्या, हा मोह असतोच.

तेव्हा स्पर्धा वाईटच काय? तसे नाही. इंग्लंडचा अनुभव बोलका आहे. तेथे १९९१ नंतर सरकारी रुग्णालयांत स्पर्धा आणली. दर घासाघीस करून ठरत, पण उपचारांच्या दर्जाची माहिती उघड नसे. कॅरोल प्रॉपर व त्यांच्या सहकाऱ्यांना आढळले की, जेथे स्पर्धा अधिक तेथे हृदयविकाराचे मृत्यू वाढले. पुढे २००६ पासून दर सरकारने बांधून दिले आणि रुग्णालय निवडण्याची मुभा रुग्णाला दिली. या वेळी स्पर्धा असलेल्या भागात मृत्यू घटले. भाव बांधलेला असला की चढाओढ गुणांवरच करावी लागते, हे त्यातले मर्म.

आपल्याकडेही २०१७ साली हृदयाच्या स्टेंटची कमाल किंमत सरकारने ठरविली. २०१८ च्या आयुष्मान भारत योजनेत पात्र कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार ठरलेल्या दरात मिळतात, आणि सौंसरचे कार्ड नागपूरच्या योजनेतील रुग्णालयातही चालते. अर्धे काम झाले. पण कोणत्या रुग्णालयात किती रुग्ण बरे झाले, हे सामान्य माणसाला कोठे वाचायला मिळते?

पांढुर्णा २०२३ मध्ये स्वतंत्र जिल्हा झाला. माझ्या मते येथील सरकारी रुग्णालय सर्व साधनांनी सज्ज असणे, हीच नागपूरशी खरी स्पर्धा ठरेल. ज्याला जवळ दुसरे दार नाही, त्याच्यापुढे दहा रुग्णालये असली काय आणि एक असले काय, सारखेच!