काळ्या डागाआधीचा पांढरा डाग



आरे कॉलनीतल्या आणि बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातल्या पाड्यांवर दात दुखू लागल्याशिवाय कोणी डॉक्टरकडे जात नाही. गेले तर एका दिवसाची मजुरी बुडते, म्हणून एकाच फेरीत दाढ काढून मोकळे होतात. शिबिराला येणाऱ्या दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्यांचे शिक्षण पाहताना मला जे कळले, ते या पाठात देत आहे.

१. कीड आधी पांढरी असते. तोंडातले जंतू साखरेपासून आम्ल तयार करतात. त्याने दातातले क्षार झिजतात आणि खडूसारखा पांढरा डाग पडतो. ओल्या दातावर तो लपतो.

२. डोळ्यांना वळण लावावे लागते. विद्यार्थी आधी काढलेल्या दातांवर सराव करतात. दात ओला असताना पाहायचा, मग पाच सेकंद हवा मारून कोरडा करून पुन्हा पाहायचा. कोरडा केल्यावरच दिसणाऱ्या डागाला आयसीडीएएस या आंतरराष्ट्रीय मोजणीत १ अंक, ओल्यावरही दिसणाऱ्याला २. नंतर तोच दात कापून कीड किती खोल गेली होती ते पाहतात. आपला अंदाज कुठे चुकला, ते तिथेच कळते.

३. टोचू नये. पूर्वी अणकुचीदार सळई खाचेत रुतली की कीड समजत. पण मऊ झालेला पृष्ठभाग त्यानेच फुटतो. आता गोल टोकाची सळई हलकेच फिरवतात.

४. पाड्यावर हवेचे यंत्र नसते. कापसाने दात पुसून उजेडात पाहतात. पहिली पक्की दाढ सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दातांमागे येते. तिच्यासाठी कोणताही दात पडत नाही, म्हणून आया तिलाही दुधाचीच समजतात. ती गेली तर पुन्हा येत नाही.

पांढऱ्या डागावर फ्लोराइडचा लेप आणि फ्लोराइडच्या पेस्टने रोज दोनदा घासणे, एवढ्याने कीड थांबू शकते. खड्डा पडला की खर्च आणि फेऱ्या वाढतात. म्हणून पाड्यावरच्या लेकरासाठी विद्यार्थ्याचा तयार डोळा फार मोलाचा आहे.

विचारासाठी :
– आपल्या संडेस्कूलमधल्या सहा-सात वर्षांच्या मुलांच्या मागच्या दाढा कोणी पाहिल्या आहेत का?
– पुढच्या शिबिरात कापूस, विजेरी आणि दोन तास कोण देईल?