रुपयाचे पैसे, टनाचे किलो : मुलांना हिशेब घरी कसा शिकवावा?



आपल्या घरातील तिसरी-चौथीच्या मुलाला विचारा, "एका रुपयाचे पैसे किती?" तो ताडकन सांगेल, "शंभर." मग त्यालाच म्हणा, "सात रुपये पाच पैसे आकड्यात लिही बघू." पुष्कळ मुले ७.५ असे लिहून मोकळी होतात. ७.५ म्हणजे साडेसात रुपये. पाच पैशांचे पन्नास पैसे झाले, आणि मुलाला त्याचा पत्ताही नाही.

यात मुलाचा दोष नाही. त्याने पैसा पाहिलेलाच नाही. २५ पैसे व त्याखालील सर्व नाणी ३० जून २०११ पासून चलनातून गेली. ५० पैशांचे नाणे कायद्याने आजही चालते, पण दुकानदार ते देत नाही आणि आपणही मागत नाही. त्यामुळे पैसा हातातून गेला. मात्र तो आपल्या कागदांतून गेलेला नाही. दुधाच्या पावतीवर पैसे आहेत, वीजबिलात आहेत, सोसायटीच्या व्याजात आहेत आणि ऊसबिलातही आहेत.

आणि पैसा किरकोळ आहे असे कोणी समजू नये. उसाच्या दरात किलोमागे एकच पैसा फरक पडला, तर टनाला हजार पैसे, म्हणजे दहा रुपये होतात. शंभर टन ऊस घालणाऱ्या सभासदाचे त्यात हजार रुपये होतात. हा हिशेब ज्या घरातल्या मुलामुलींना येतो, त्या घराला आपले बिल दुसऱ्याकडून वाचून घ्यावे लागत नाही. म्हणून या अंकात आपण हा एक धडा घेऊ. त्यासाठी मास्तर लागत नाही आणि खर्चही नाही.

आजोबांचा रुपया आणि नातवाचा रुपया

घरात आजोबा-आजी असतील तर सुरुवात त्यांच्यापासून करावी. पूर्वी रुपयाचे आणे सोळा, आण्याचे पैसे चार आणि पैशाच्या पै तीन. म्हणजे रुपयाचे ६४ पैसे आणि १९२ पै. कोणताही हिशेब करायचा तर कधी सोळाने, कधी चाराने, कधी तिनाने गुणायचे-भागायचे. त्याच काळात शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी पाठ करून घेत, ते उगाच नव्हे.

१ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी आली व रुपयाचे शंभर पैसे झाले. जुन्या पैशाशी गोंधळ होऊ नये म्हणून त्याला 'नवा पैसा' म्हणत. १ जून १९६४ पासून 'नवा' हा शब्द गळाला व नुसता 'पैसा' राहिला. आण्याचे नाणे गेले, पण बोलण्यातला आणा काही जात नाही. आजही जुनी माणसे चार आणे म्हणजे २५ पैसे, आठ आणे म्हणजे ५० पैसे आणि बारा आणे म्हणजे ७५ पैसे असेच बोलतात. मुलाला हे तिन्ही पाठ करून द्यावेत. पाव, अर्धा आणि पाऊण हे अपूर्णांक त्याला यातूनच समजतात.

पहिली पायरी : शंभर चिंचोके

पैशाची नाणी मिळत नाहीत, तर चिंचोके घ्यावेत. एक चिंचोका म्हणजे एक पैसा. मुलाला दहा-दहाचे दहा ढीग करू द्यावेत. ढिगांशेजारी रुपयाचे एक नाणे ठेवावे आणि सांगावे, "हे सगळे मिळून हा एक बंदा रुपया." मोजायचे काम त्याच्याच हाताने झाले पाहिजे. शंभर हा आकडा तोंडाने म्हणणे वेगळे आणि शंभर वस्तू हाताखालून जाणे वेगळे.

मग बाजार मांडावा. आपण दुकानदार, मूल गिऱ्हाईक. पेन्सिल ३५ पैशांना, खोडरबर २० पैशांना. दर आजचे नाहीत हे मुलालाही कळते, पण खेळात ते चालते. त्याने रुपया दिला तर आपण मोड द्यायची. दोन-चार दिवसांनी त्याला दुकानदार करावे व मोड त्याला द्यायला लावावी. मोड द्यायला लागलेले मूल वजाबाकी शिकलेच म्हणून समजा.

दुसरी पायरी : मोळी सोडणे, मोळी बांधणे

मुलांची खरी अडचण इथे होते. रुपयाचे पैसे करताना गुणायचे की भागायचे? वहीत नियम लिहून दिला तर परीक्षेपुरता राहतो, नंतर उलटा होतो. आपल्या मुलांना तो मोळीवरून सांगावा.

मोळी सोडली की ऊस सुटे होतात आणि मोजायला संख्या वाढते. सुटे ऊस बांधले की मोळ्या होतात आणि संख्या कमी होते. ऊस मात्र तेवढाच राहतो, एक कांडेही वाढत नाही की घटत नाही. तसेच रुपया ही शंभर पैशांची मोळी. रुपयाचे पैसे करणे म्हणजे मोळी सोडणे, तेव्हा शंभराने गुणायचे. पैशांचे रुपये करणे म्हणजे मोळी बांधणे, तेव्हा शंभराने भागायचे.

गणित करण्याआधी मुलाला एकच प्रश्न विचारायची सवय ठेवावी : "आकडा वाढणार का कमी होणार?" उत्तर आधी आले, की गुणाकार-भागाकार त्याचा तोच ठरवतो.

उदाहरणे घ्या :
७ रुपये ३५ पैसे. सात मोळ्या सोडल्या, ७०० झाले. सुटे ३५ होतेच. एकूण ७३५ पैसे.
१२४८ पैसे. शंभर-शंभराच्या बारा मोळ्या बांधल्या, ४८ सुटे उरले. म्हणजे १२ रुपये ४८ पैसे, म्हणजेच १२.४८ रुपये.
७ रुपये ५ पैसे. ७०५ पैसे. लिहायचे ७.०५.

या शेवटच्या उदाहरणावर थांबावे. रुपयात शंभर पैसे, म्हणून टिंबापुढे दोन घरे. पैसे दहापेक्षा कमी असतील तर पहिल्या घरात शून्य बसलेच पाहिजे. हे शून्य दिसायला रिकामे, पण ते घर राखून बसलेले असते.

तिसरी पायरी : काट्याची पावती

आता मुलाच्या हातात आपली वजनाची पावती द्यावी. भरलेल्या गाडीचे वजन १९.३४५ मेट्रिक टन, रिकाम्या गाडीचे ६.४८० मेट्रिक टन. उसाचे निव्वळ वजन किती?

इथे टिंबापुढे तीन घरे आहेत. का? तर टनाची मोळी हजार किलोची आहे. १९.३४५ म्हणजे १९ टन ३४५ किलो आणि ६.४८० म्हणजे ६ टन ४८० किलो. ३४५ तून ४८० जात नाहीत. मग एक टन सोडा, त्याचे हजार किलो करा. झाले १८ टन १३४५ किलो. त्यातून ६ टन ४८० किलो गेले, राहिले १२ टन ८६५ किलो. शाळेत ज्याला हातचा म्हणतात तो हाच. दुकानात रुपया मोडला, इथे टन मोडला.

चूक कुठे होते तेही दाखवावे. पावतीवर १४.०६० आहे. मूल, आणि कधी कधी मोठा माणूससुद्धा, घाईत १४.६ लिहितो. १४.०६० म्हणजे १४ टन ६० किलो, तर १४.६ म्हणजे १४ टन ६०० किलो. फरक ५४० किलोचा. मोबाईलवर हिशेब केला तरी हा फरक सुटत नाही, कारण यंत्र दिलेल्या आकड्याचाच गुणाकार करते. आकडा बरोबर दिला का, हे पाहणारा माणूसच लागतो.

चौथी पायरी : दर उलगडणे

२०२५-२६ च्या गळीत हंगामासाठी केंद्र सरकारने १०.२५ टक्के उताऱ्यास क्विंटलला ३५५ रुपये एफआरपी ठरविली. हाच आकडा मुलाला द्यावा व विचारावे, "किलोला किती?"

क्विंटल म्हणजे १०० किलो आणि रुपया म्हणजे १०० पैसे. दोन्ही मोळ्या शंभराच्या. म्हणून क्विंटलला जितके रुपये, किलोला तितकेच पैसे. क्विंटलला ३५५ रुपये म्हणजे किलोला ३५५ पैसे, म्हणजे ३ रुपये ५५ पैसे. दहा क्विंटलचा टन, म्हणून टनाला ३५५० रुपये. ही युक्ती एकदा कळली की बाजारातल्या कांद्या-बटाट्यालाही ती चालते.

आता वरच्या १२ टन ८६५ किलोंचे पैसे काढू. १२ टनांचे ४२,६०० रुपये. ८६५ किलोंचे ३.५५ दराने ३,०७० रुपये ७५ पैसे. एकूण ४५,६७० रुपये ७५ पैसे. शेवटचे ७५ पैसे म्हणजे आजोबांचे बारा आणे! अर्थात हा नुसता गणिताचा आकडा झाला. प्रत्यक्ष बिलात उताऱ्याप्रमाणे दर बदलतो, तोडणी-वाहतूक व इतर कपाती वजा होतात. प्रत्येक कपात ही वेगळी वजाबाकी म्हणून मुलाकडून करून घ्यावी.

मघाच्या ५४० किलोंचाही हिशेब याच दराने होतो. ५४० ला ३.५५ ने गुणले की १,९१७ रुपये. एक शून्य विसरल्याची ही किंमत.

वरच्या वर्गातल्या मुलांना उताराही द्यावा. याच हंगामासाठी १०.२५ टक्क्यांच्या वर दर ०.१ टक्क्याला क्विंटलमागे ३ रुपये ४६ पैसे वाढ ठरलेली आहे. म्हणजे टनाला ३४ रुपये ६० पैसे. ६० टन उसाला २,०७६ रुपये. टिंबापुढचा एक टक्क्याचा दहावा भाग घरात काय आणतो, हे मुलाला समजले, तर ताजा व पक्व ऊस का घालावा हे त्याला वेगळे सांगावे लागणार नाही.

सगळ्याच मोळ्या शंभराच्या नसतात

शंभर आणि हजार जमले की मुले सगळीकडे तेच लावतात. तिथे सावध करावे. एकराचे गुंठे ४०. म्हणून १ एकर १० गुंठे म्हणजे १.१० एकर नव्हे, सव्वा एकर म्हणजे १.२५ एकर होय. सातबाऱ्यावर मात्र हेक्टर-आर असतात व हेक्टरचे आर १०० असतात, म्हणून ०.८० हेक्टर म्हणजे सरळ ८० आर. तासाची मिनिटे ६०. मोटार दीड तास चालली म्हणजे १ तास ३० मिनिटे, पण दशांशात तोच आकडा १.५.

तेव्हा कोणत्याही हिशेबात पहिला प्रश्न हाच, "ही मोळी कितीची?" आणि दुसरा, "आकडा वाढणार का कमी होणार?" एवढे दोन प्रश्न मुलाला स्वतःचे स्वतः पडू लागले, की आपले काम झाले.

घरी करून घेण्याची उदाहरणे

१. ९ रुपये ५ पैशांचे पैसे करा.
२. २६४० पैशांचे रुपये करा.
३. ५० रुपयांतून ३२ रुपये ६५ पैसे खर्च झाले. उरले किती?
४. दुधाचा दर लिटरला ३६ रुपये २० पैसे धरला, तर साडेआठ लिटरचे किती?
५. दोन खेपांचे वजन १३.०२५ व ११.९८० टन. एकूण किती टन, किती किलो?
६. टनाला ५ रुपये कपात असेल, तर किलोला किती? ८० टनांना किती?
७. २ एकर ३० गुंठे म्हणजे किती गुंठे? दशांशात किती एकर?

उत्तरे : (१) ९०५ पैसे. (२) २६ रुपये ४० पैसे. (३) १७ रुपये ३५ पैसे. (४) ३०७ रुपये ७० पैसे. (५) २५.००५ टन, म्हणजे २५ टन ५ किलो. (६) अर्धा पैसा, ४०० रुपये. (७) ११० गुंठे, २.७५ एकर.

पालकांना दोन सूचना

रोज दहा-पंधरा मिनिटे पुरे. चुकले तर रागावू नये, पुन्हा चिंचोक्यांकडे न्यावे. आणि हा धडा मुलाइतकाच मुलीलाही द्यावा. घरचा जमाखर्च पुष्कळदा बायकाच पाहतात, आणि आज अनेक भगिनी स्वतः सभासद आहेत.

पुढचे ऊसबिल हाती येईल तेव्हा ते कपाटात ठेवण्यापूर्वी मुलांपुढे ठेवावे. खेपांची बेरीज, दराने गुणाकार, कपातींची वजाबाकी त्यांनी करावी आणि आपण ती पाहावी. आकडा जुळला तर आनंदच आहे. जुळला नाही तर पावत्या घेऊन मुलासह गट ऑफिसात यावे व फरक कशाचा ते विचारावे. हिशेब विचारणे हा सभासदाचा हक्क आहे, आणि तो नीट समजावून देणे हे आमचे कामच आहे.