जोडधंद्याची घरबसली शाळा

जोडधंदा ही बेळगावास नवी गोष्ट नव्हे. किर्लोस्करांच्या उद्योगाचा आरंभ येथेच १८८८ साली सायकलींच्या दुकानाने झाला. लक्ष्मणराव मुंबईस शिक्षकाची नोकरी सांभाळून सायकली धाडीत. बंधू रामुअण्णा येथे विकीत.

आज अशी उमेदवारी इंटरनेटवर घरबसल्या करता येते. वाय कॉम्बिनेटर या अमेरिकन संस्थेने २०१७ साली ‘स्टार्टअप स्कूल’ हा विनामूल्य वर्ग इंटरनेटवर आणला. दर आठवड्यास काय केले, किती गिऱ्हाइकांशी बोललो, हे त्यात लिहावयाचे असते.

गतवर्षी कॅम्पातील आमच्या धाकट्या सूनबाईंनी अशाच एका वर्गात नाव घातले. नाचणीच्या पिठाची पाकिटे विकण्याचा त्यांचा बेत होता. आम्ही कौतुकाने पेढीवरील नाचणी बिनहिशेबी देत गेलो, म्हणून नफा दिसे. आठव्या आठवड्यास त्यांनी नाचणीची किंमत खर्ची धरली, तेव्हा प्रत्येक पाकिटामागे तोटा निघाला. दोष वर्गाचा नव्हता, आमच्या मायेचा होता.

तात्पर्य, जोडधंद्याचे खाते निराळे ठेवावे, भांडवलाची मर्यादा आधी आखावी आणि आठवड्याचा हिशेब खरा लिहावा. सूनबाईंनी भाव बदलून पुनश्च आरंभ केला आहे. आता त्या आमच्याच पेढीवरून रोखीने माल नेतात, आणि पावतीही मागतात.