मैदानावर यायचं ठरवलंच आहेस तर

काल रात्री मावशीचा फोन आला होता. तू बँकेच्या परीक्षेचा क्लास सोडलास, बी.पी.एड.चा फॉर्म भरलास आणि कॉलेजच्या पोरींना पळायला शिकवणार म्हणतेस. "आता तूच सांग तिला चार शब्द," असं तिचं म्हणणं. चार शब्दांत भागणार नाही गं. मी तुला मागं फिरवावं अशी तिची इच्छा आहे, ते काही मी करणार नाही. पण मिरजेच्या मातीत उमेदीची वर्षं घातलेली तुझी मोठी बहीण म्हणून जे आहे ते उघड सांगते. मग तुझं तू ठरव.

पहिली गोष्ट म्हणजे आपल्याकडच्या कॉलेजात स्प्रिंट कोच अशी जागाच नसते. अमेरिकेतल्या मोठ्या विद्यापीठांत पळण्याचा कोच वेगळा, उड्यांचा वेगळा, फेकीचा वेगळा आणि सगळे पगारावर असतात. आपल्याकडं जागा असते ती शारीरिक शिक्षण संचालकाची, म्हणजे पोरं ज्यांना जिमखान्याचे सर किंवा मॅडम म्हणतात त्यांची. कबड्डीचा संघ तिनंच काढायचा, बुद्धिबळाच्या एन्ट्र्या तिनंच पाठवायच्या, २६ जानेवारीचं संचलन तिच्याकडं, नॅकच्या फायली तिच्याकडं. स्प्रिंटचं कोचिंग करायचं ते पहाटे, कॉलेजची घंटा व्हायच्या आधी, आणि संध्याकाळी सगळे घरी गेल्यावर. पगार एका कामाचा आणि जीव दुसऱ्या कामात, असं हे आयुष्य आहे. ही दोन कामं आहेत हे आजच मनाशी पक्कं कर. ज्यांना ते उशिरा कळतं त्यांची चिडचिड मी जवळून बघितली आहे, आणि ती शेवटी पोरींवर निघते.

आता पोटापाण्याचं. बी.पी.एड. दोन वर्षं, त्यावर एम.पी.एड. दोन वर्षं, त्यात किमान ५५ टक्के, आणि मग नेट किंवा सेट. सेट आपल्याकडं पुणे विद्यापीठ घेतं. या पदाला शारीरिक क्षमतेची चाचणीही असते, तिशीच्या आतल्या बाईला ८ मिनिटांत १००० मीटर. तुला ते हसत जमेल, तरी सराव सोडू नकोस. पूर्ण वेळ नेमणूक झाली की वेतन सहायक प्राध्यापकाचंच, सातव्या वेतन आयोगात मूळ पगार ५७,७०० पासून सुरू. ऐकायला छान वाटतं. पण तिथवर पोचेपर्यंत बहुतेकांना तासिका तत्त्वावर काढावं लागतं. जेवढे तास तेवढे पैसे, सुट्टीत काही नाही, आणि हातात कधी पडतील याचा भरवसा नाही. माझ्या ओळखीच्या कितीतरी गुणी पोरी याच टप्प्यावर गळाल्या. म्हणून सांगते, आज घरात बसून हिशेब मांड. दोन-तीन वर्षं कशावर काढणार? शाळेत अर्धवेळ शिकवणार की जिममध्ये बॅच घेणार? जे काही करशील त्यात लाज बाळगू नकोस.

आणि एक लक्षात ठेव, या पदव्यांनी तू शिक्षिका होशील, पण कोच त्यानं होत नाही. कोचिंगचं शिक्षण वेगळं घ्यावं लागतं. पतियाळाला १९६१ पासून राष्ट्रीय क्रीडा संस्था आहे, आपण जिला नुसतं 'एनआयएस' म्हणतो. तिथं एक वर्षाचा डिप्लोमा आहे आणि सहा आठवड्यांचा सर्टिफिकेट कोर्सही आहे. निदान सहा आठवड्यांचा तरी करच. आपल्या भागात 'आमच्या वेळी आम्ही असं पळायचो' एवढ्याच पुंजीवर शिकवणारे पुष्कळ आहेत. त्यांच्या हातून निसटलेल्या पोरींचं वाईट वाटतं, म्हणून एवढं बजावते आहे.

ट्रॅक नाही म्हणून रडत बसू नकोस. जमैकाची गोष्ट तुला ठाऊक असावी. किंग्स्टनच्या तंत्रज्ञान विद्यापीठात स्टीफन फ्रान्सिस नावाच्या माणसानं १९९९ साली एमव्हीपी हा क्लब काढला. स्वतः काही तो नावाजलेला धावपटू नव्हता. चांगली पोरं अमेरिकेला शिष्यवृत्तीवर निघून जायची. मागं राहिलेल्यांना घेऊन त्यानं तिथल्या गवताच्या ट्रॅकवर काम सुरू केलं. त्यातला असाफा पॉवेल २००५ मध्ये अथेन्सला ९.७७ सेकंदांत १०० मीटर पळाला, तो जागतिक विक्रम ठरला. त्याच विद्यापीठात शिकणारी शेली-अ‍ॅन फ्रेझर २००८ ला बीजिंगमध्ये ऑलिंपिक विजेती झाली. आपल्याकडं गवत नाही, कृष्णाकाठची काळी माती आहे. पावसात ती बुटाला किलोकिलोनं चिकटते आणि उन्हाळ्यात तिला भेगा पडतात. पण एप्रिल-मे मध्ये मुरूम टाकून, पाणी मारून, रोलर फिरवून घेतलास तर त्यावर चांगलं काम होतं.

तो ट्रॅक आखायला मात्र तू स्वतः शीक, शिपायावर सोडू नकोस. फक्कीची बादली हातात घे, दोरी लाव, मध्यबिंदूला खुंटी ठोक. लेन १.२२ मीटरची धरलीस तर चारशेच्या शर्यतीत दुसऱ्या लेनचा स्टॅगर, म्हणजे स्टार्टची रेषा जेवढी पुढं सरकवायची ते अंतर, ७.०४ मीटर येतो आणि तिथून पुढच्या प्रत्येक लेनला ७.६७ ची भर पडते. हे आकडे पाठ असू देत. चुकीच्या रेषेवर वर्षभर पळलेली पोर स्पर्धेला गेली की तिला आपलं खरं टायमिंग कळतं आणि ती खचते. घड्याळाचंही तसंच. हातातल्या घड्याळावर १२.८ आलं की खूश होऊ नकोस, त्यात ०.२४ मिळवून इलेक्ट्रॉनिक वेळेशी ताडून बघ, म्हणजे १३.०४. पोरीला हाच आकडा सांग. खोट्या टायमिंगवर खूश केलेली पोर तुझ्यावर पुन्हा विश्वास ठेवत नाही.

कॉलेजच्या कोचची सगळ्यात मोठी अडचण सांगू? तुला पोर मिळते ती तीनच वर्षं. दहावी-बारावीला घरच्यांनी मैदान बंद केलेलं असतं. आरग, बेडग, म्हैसाळ, मालगाव, तिकडून कवठेमहांकाळकडून एसटीनं किंवा पॅसेंजरनं येते, चालते खाली मान घालून, आणि पळायला सांगितलं की टाचेवर आपटत पळते. पहिल्या वर्षी तिच्याकडून पदक मागू नकोस. पाऊल कसं पडावं, गुडघा किती उचलावा, हात आडवा न मारता गालापासून कमरेपर्यंत कसा न्यावा, एवढंच कर. स्किपिंग, पायऱ्या, बेडूकउड्या, पोटाचे व्यायाम. खरा वेग दुसऱ्या वर्षी दिसतो, आणि तिसऱ्या वर्षी ती पळते.

वेगाच्या सरावात विश्रांती हेच निम्मं काम असतं. पूर्ण ताकदीनं ६० मीटर पळाली की पाच-सहा मिनिटं थांबव. अंदाज असा धर, दर दहा मीटरला एक मिनिट. या वेळात पोरी सावलीत बसलेल्या दिसल्या की येणारा-जाणारा म्हणतो, मॅडम, पोरी नुसत्या बसल्यात की! तू ऐकून घे आणि घड्याळाकडं बघ. दमलेल्या पायांनी पळवलंस तर ती हळू पळायचा सराव करते, बाकी काही नाही. असा कस लागणारा सराव झाला की पुढचे दोन दिवस तरी हलकं काम दे.

पावसाळा संपला की विद्यापीठाच्या विभागीय स्पर्धा लागतात, तिथं तुझी खरी परीक्षा आहे. तुझ्याकडं एखादी पोर अशी असते की जिच्यावर सगळ्यांचा डोळा. कुणी म्हणतं शंभरला घाला, कुणी दोनशेला, चारशेला दुसरं आहे कोण, लांब उडीत एक गुण तर एक गुण, आणि दोन्ही रिले तिच्याशिवाय कशा होणार! जनरल चॅम्पियनशिपचे गुण मोजायचे असतात ना. हीट आणि फायनल धरून दोन दिवसांत ती पोर किती वेळा पळते ते एकदा कागदावर लिहून बघ. तिसऱ्या दिवशी मांडीचा मागचा स्नायू धरून ती मैदानात बसते, आणि हॅमस्ट्रिंग एकदा फाटली की त्याच जागी पुन्हा फाटायची भीती कायम राहते. कॉलेजला ढाल मिळते, कपाटात जाते. पोर लंगडत घरी जाते आणि आई म्हणते, बास झालं आता. तिथं तू नाही म्हणायचं. नोकरी पक्की नसली तरी म्हणायचं. सगळ्या सांगण्यात मला हेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. यासाठी तुझ्याकडं तिची वही हवी, तारखेनिशी सरावाच्या नोंदी हव्यात, म्हणजे वरिष्ठांपुढं तुझा शब्द नुसता राहत नाही.

भरतीच्या पोरींना कमी लेखू नकोस. तुझ्या मैदानावर येणाऱ्या निम्म्या मुली पोलीस भरतीसाठी येतील. ८०० मीटरला २० गुण, १०० मीटरला १५, गोळ्याला १५, एवढं त्यांचं गणित. त्यांना ऑलिंपिकचं स्वप्न नको असतं, वर्दी हवी असते, आणि त्या वर्दीनं एक अख्खं घर उभं राहतं. शंभर मीटर नीट शिकवलंस तर तुझ्यामुळं तिची नोकरी लागते. याच्यापेक्षा मोठं काय असतं गं? खेळाडूंना सरकारी नोकरीत ५ टक्के आरक्षण आहे. म्हणून प्रमाणपत्रं कशी जपायची, पडताळणी कुठून करून घ्यायची, हेही तूच सांगायचं. पुष्कळ पोरींची प्रमाणपत्रं घरातल्या पत्र्याच्या पेटीत उंदीर खातात.

आता बायकांचं बोलते. तू बाई आहेस म्हणून कितीतरी आया पोरीला मैदानावर पाठवतील. आंतरविद्यापीठ स्पर्धेला परराज्यात जायचं म्हटलं की वडिलांचा पहिला प्रश्न, बरोबर मॅडम आहेत का? हा विश्वास फार मोलाचा आहे. पळायला येणाऱ्या मुलीला पाळीबद्दल तू आपणहून विचार, ती सांगणार नाही. पाळी दोन-तीन महिने आलीच नाही तर 'बरं झालं' असं तिला वाटतं. ते बरं नसतं, ती पुरेसं खात नाही याची खूण असू शकते. किटबॅगमध्ये पॅड ठेव, चांगली स्पोर्ट्स ब्रा कशी निवडायची ते मोकळेपणानं सांग. रक्त तपासून घे. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर तिला आळशी म्हणू नकोस, डॉक्टरकडं ने. मिरजेत राहून डॉक्टर मिळाला नाही ही सबब सांगता येत नाही. वॉन्लेस साहेबांनी १८९४ मध्ये इथं मिशन हॉस्पिटल उभं केलं तेव्हापासून हे डॉक्टरांचंच गाव आहे. दोन-तीन भले डॉक्टर आणि एक फिजिओ आपल्या ओळखीचे करून ठेव. गूळ-शेंगदाणे, अंडं, भाकरीबरोबर उसळ, एवढं तरी पोटात जातंय का ते बघ.

अंगाला हात लावून काही सुधारायचं असेल तर आधी विचार, बाई असलीस तरी. रात्री पोरींना मेसेज करू नकोस, जे काय असेल ते ग्रुपवर. दुसरा कुणी कोच या रेषा ओलांडताना दिसला तर गप्प बसू नकोस, कॉलेजच्या अंतर्गत तक्रार समितीकडं लेखी जा.

कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव तुला माहीतच आहेत. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात क्रीडा शिक्षकांनी त्यांची चण बघून वार्षिक स्पर्धेत नाव घ्यायला नकार दिला होता, असं सांगतात. ते थेट प्राचार्यांकडं गेले आणि त्यांना संधी मिळाली. पुढं १९५२ ला हेलसिंकीला जायला पैसे कमी पडले तेव्हा प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक त्यातून आलं. उंची बघून, बारीक आहे म्हणून, उशिरा आली म्हणून कुणालाही दारातून परत पाठवू नकोस. निदान एक महिना पळवून बघ.

आणि सोडायलाही शीक. फलटण तालुक्यातल्या सरडेचा प्रवीण जाधव टोकियो ऑलिंपिकला तिरंदाज म्हणून गेला, पण त्याच्या जिल्हा परिषद शाळेतल्या भुजबळ सरांनी त्याला आधी पळायला लावलं होतं. पुढं क्रीडा प्रबोधिनीत तो धनुष्याकडं वळला. तुझी एखादी पोर तिहेरी उडीत चांगली निघेल, एखादी मोठ्या अकादमीत जाईल. पेपरात नाव तिथल्या कोचचं येईल. त्या दिवशी तिला फोन करून मनापासून शाबासकी दे. २०२२ च्या पंचकुलातल्या खेलो इंडिया युवा स्पर्धेत साताऱ्याच्या सुदेष्णा शिवणकरनं १००, २०० आणि रिले अशी तीन सुवर्णपदकं घेतली. आपल्याच मुलखातली पोर. ती बातमी वाचली त्या आठवड्यात माझ्या मैदानावर नव्या पोरी आल्या, त्या तिचंच नाव घेत.

लग्नाचा विषयही बोलून ठेव. पहाटे पाचला घराबाहेर पडणारी आणि दिवाळीच्या आगेमागे स्पर्धांना गावोगाव जाणारी सून त्यांना चालणार का, हे स्थळ बघतानाच विचार. 'नंतर बघू' असं म्हणतील त्या घरी जाऊ नकोस.

तुझा प्रवेश होईस्तोवर हातात थोडे महिने आहेत ना? मग ते माझ्याबरोबर काढ. साडेपाचला मैदानावर ये, येताना पन्नास मीटरचा टेप घेऊन ये, माझा तुटायला आलाय. फक्की तू टाकायची, पोरींच्या वहीत नोंदी तू करायच्या, स्टार्ट मी बघेन. मानधन काही देता येणार नाही, पण सकाळचे पोहे आणि चहा माझ्याकडं. मावशीलाही एखाद्या सकाळी घेऊन ये, तिला पोरींना रिलेची बॅटन बदलताना बघू दे.