निसर्गपाठ : टसरचा पतंग

गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा व गोंदिया या जिल्ह्यांतील वनांत ऐन व अर्जुन हे वृक्ष आढळतात. त्यांच्या पानांवर टसर रेशमाची अळी पोसते. कोश विकला जातो, हे तेथील मुलांना पुष्कळदा ठाऊक असते. त्या कोशात एक जीव रूप पालटीत असतो, हे त्यांना प्रत्यक्ष दाखविणे हा या पाठाचा हेतू होय.

ओळख : पसरलेल्या पंखांची रुंदी सुमारे १५ सेंटिमीटर असते. चारही पंखांवर अभ्रकाच्या चकतीसारखा एकेक वाटोळा, पारदर्शक ठिपका असतो. नर बहुधा तांबूस-तपकिरी, तर मादी पिवळसर किंवा करडी व पोटाने मोठी. नराच्या शृंगिका पिसासारख्या रुंद, मादीच्या अरुंद असतात.

जीवनक्रम : अंडी सुमारे ८ ते १० दिवसांत फुटतात. अळी ४ वेळा कात टाकते. पूर्ण वाढलेली अळी हिरवी असल्याने पानांत सहसा दिसून येत नाही. वाढ पुरी होताच ती कोश विणते व कोशाच्या कठीण देठाचे कडे फांदीभोवती घट्ट बसविते. पतंग काहीच खात नाही. अळीने साठविलेल्या अन्नावर तो थोडे दिवस जगतो, तेवढ्यात मादी अंडी घालते. हिवाळी पिकाच्या कोशातील जीव उन्हाळाभर सुप्त राहतो व पावसाळ्याच्या आरंभी पतंग होऊन बाहेर पडतो.

वर्गातील कार्य : पावसाळी पिकाचे दोनतीन जिवंत कोश मिळवावेत. हलका व टोकाशी भोक असलेला कोश रिकामा समजावा. जिवंत कोश जाळीदार टोपलीत, सावलीत, देठाने टांगावेत. मुलांनी रोज निरीक्षण करून तारखेसह नोंद ठेवावी. पतंग बहुधा सायंकाळनंतर निघतो. सकाळी वर्गाला त्याचे दर्शन घडेल.

चर्चा : पतंग कोशाचे टोक ओले व मऊ करून, तंतू सारून बाहेर येतो. अशा कोशाचा सलग धागा निघत नाही. म्हणून सलग धाग्यासाठी आतील जीव उष्णतेने आधीच मारतात. येथे मुलांना विचारावे : सगळेच कोश उकडले, तर पुढील पिकाला अंडी कोठून यावीत? ऐनाची झाडेच तुटली तर? उत्तर शिक्षकांनी सांगू नये. मुलांना ते शोधू द्यावे. निरीक्षण संपताच पतंग जवळच्या ऐनावर सोडून द्यावेत.