चार्जिंग केबल : तारेचे तारतम्य

मोबाइल फोन ही आज चैनीची वस्तू उरलेली नाही. शिष्यवृत्तीचा अर्ज, प्रवेशपरीक्षेचा निकाल, बँकेचा व्यवहार आणि दूर शिकणाऱ्या मुलाशी होणारे बोलणे, हे सारे त्याच्यावर अवलंबून आहे. फोनसोबत आलेली केबल मात्र कधी ना कधी तुटते आणि पालकांपुढे प्रश्न उभा राहतो : कंपनीचीच महाग केबल घ्यावी, की दुसरी चालेल? 'दुसरी लावली की फोन गेलाच' असे एक जण सांगतो. 'सगळ्या केबल सारख्याच' असे दुसरा सांगतो. ही दोन्ही विधाने तपासून पाहणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

केबलचे कार्य

घरातील २३० व्होल्टच्या विजेचे रूपांतर चार्जर कमी दाबाच्या विजेत करतो. साधा चार्जर ५ व्होल्ट देतो. त्यातून किती प्रवाह घ्यायचा, हे फोनमधील यंत्रणा ठरवते. म्हणून मोठा चार्जर फोनमध्ये वीज बळेच कोंबतो, ही समजूत चुकीची आहे. केबलचे काम वीज कमीत कमी तोटा होऊ देऊन पोहोचवणे, एवढेच.

हा तोटा तारेच्या जाडीवर ठरतो. तारेच्या गेजचा आकडा जितका मोठा, तितकी तार बारीक. २८ गेजच्या एक मीटर केबलमधून २ अँपिअर प्रवाह गेला, तर जाता-येता सुमारे ०.८५ व्होल्ट वाटेतच खर्च होतात आणि त्यांची उष्णता होते. २४ गेजच्या तांब्याच्या तारेत हाच तोटा सुमारे ०.३५ व्होल्ट असतो. दाब फार उतरला की फोन प्रवाह कमी करतो आणि चार्जिंग रेंगाळते. स्वस्त केबल 'हळू' का, याचे उत्तर बहुतेक वेळा येथे सापडते.

प्रमाणकाचा इतिहास

पूर्वी प्रत्येक कंपनीची पिन निराळी असे. यूएसबी हे सामाईक प्रमाणक १९९६ मध्ये आले. टाइप-सी जोडणी २०१४ मध्ये. युरोपीय संघाने २८ डिसेंबर २०२४ पासून नव्या फोनना टाइप-सी बंधनकारक केले. २०१२ पासून स्वतःची लाइटनिंग जोडणी वापरणाऱ्या अ‍ॅपलनेही २०२३ च्या आयफोन १५ मध्ये टाइप-सी स्वीकारली.

याचा अर्थ असा, की केबल ही आता कोणा एका कंपनीची मिरासदारी नाही. प्रमाणक पाळणारा कोणीही ती बनवू शकतो. म्हणून 'दुसऱ्या कंपनीची' आणि 'बनावट' या दोन गोष्टी आपण वेगळ्या मानल्या पाहिजेत. ओप्पो, वनप्लस यांसारख्या काही कंपन्यांची जलद चार्जिंगची पद्धत स्वतःची आहे. तेथे अन्य केबलने फोन सावकाश चार्ज होईल. तेवढ्याने तो बिघडत नाही.

धोका कोठे आहे?

गूगलचे अभियंते बेन्सन लियुंग यांनी २०१५ पासून बाजारातील टाइप-सी केबल तपासण्यास आरंभ केला. २०१६ मध्ये एका केबलने त्यांचा लॅपटॉपच निकामी केला. तिच्यात धन आणि ऋण बाजूच्या तारा उलट जोडलेल्या होत्या. दुसरा दोष अधिक सूक्ष्म आहे. जुन्या चौकोनी टोकाच्या टाइप-सी केबलमध्ये ५६ किलोओहमचा रोधक असावा लागतो. त्याऐवजी १० किलोओहमचा बसवला, तर फोनला समोरचा चार्जर ३ अँपिअरचा वाटतो आणि तो दुबळ्या चार्जरकडून झेपणार नाही एवढा प्रवाह मागतो. अशा वेळी चार्जर तापून बिघडू शकतो.

निवड करताना

१. वेष्टनावर निर्मात्याचे नाव, पत्ता आणि अँपिअर किंवा वॅटचा आकडा पाहावा. बिल जपून ठेवावे.
२. दोन्ही टोके टाइप-सी असलेली साधी केबल ३ अँपिअर, म्हणजे ६० वॅटपर्यंत पुरते. ५ अँपिअरच्या केबलमध्ये ओळख देणारी चिप असणे आवश्यक आहे.
३. लाइटनिंगच्या केबलवर अ‍ॅपलच्या मान्यतेची 'मेड फॉर आयफोन' ही खूण पाहावी.
४. टोक तापणे, काळे पडणे किंवा आवरण फाटणे दिसताच केबल बाद करावी. चिकटपट्टी गुंडाळून ती वापरू नये.
५. चार्ज होणारा फोन उशीखाली वा पांघरुणात ठेवू नये.

मोठे नाव आणि मोठी किंमत हे गुणवत्तेचे पुरावे नव्हेत. कमी किंमत हाही दोषाचा पुरावा नव्हे. कष्टाचा पैसा खर्च करण्यापूर्वी वेष्टनावरील चार ओळी वाचाव्यात आणि ही सवय घरातील मुलांनाही लावावी, एवढीच आमची पालकांना व माजी विद्यार्थ्यांना विनंती आहे.